बंपर : कारखान्याचा कीं बाजारचा ?



पनवेलहून उरणकडे येणाऱ्या रस्त्यावर घटकाभर उभें राहून पाहिलें, तर दोन प्रकारच्या गाड्या डोळ्यांत भरतात. एक, न्हावाशेव्याच्या बंदरांतून लोखंडी पेट्या वाहून नेणारे लांबच लांब ट्रेलर. आणि दुसरी, त्यांच्यामधून वाट काढीत जाणारी, जीपच्या घराण्यांतील उंच आणि रुंद चाकांची गाडी. ही दुसरी गाडी अलीकडे पुष्कळांच्या दारीं आली आहे. आठवड्याचे पांच-सहा दिवस ती द्रोणागिरीच्या वसाहतींतून कचेरीला, बाजाराला, मुलांच्या शाळेला जाते. आणि पावसाळ्यांतल्या एखाद्या रविवारीं मालकाच्या मनांत आलें, कीं कर्जतच्या बाजूच्या चिखलवाटा तुडवूं लागते. अशा गाडीच्या तोंडावर कित्येकदां एक जाडजूड, काळा, पोलादी बंपर बसविलेला दिसतो. तो कारखान्यानें दिलेला नसतो. कारखान्याचा बंपर उतरवून त्याच्या जागीं मालकानें हौसेनें आणि पदरचे पैसे खर्चून तो बसवून घेतलेला असतो.

हा बदल करावा कीं करूं नये, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. वरवर पाहतां हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न वाटतो. "गाडी माझी, पैसा माझा, मग बंपर कोणता असावा हें मीच ठरविणार," असें मालकानें म्हटलें तर त्यांत गैर तें काय, असें कोणासहि वाटेल. परंतु बंपर ही वस्तु एकट्या मालकासाठीं नसते. गाडीच्या आंत बसलेल्या बायकामुलांसाठीं ती असते, तशीच रस्त्यानें पायीं जाणाऱ्या त्रयस्थासाठींहि असते. धक्का आला म्हणजे तो कोणीं सोसावयाचा, याचा निवाडा बंपर करतो. हा निवाडा तो कसा करतो तें एकदां नीट समजलें, म्हणजे कोणता बंपर घ्यावा हें ज्याचें त्यालाच ठरवितां येईल.

पोलादी बंपराची ही आवड आपल्याकडे आली कोठून, हें समजण्यास जीपचा थोडा इतिहास पाहिला पाहिजे. अमेरिकेच्या सैन्यासाठीं विलिज कंपनीनें १९४१ सालीं जी जीप बांधण्यास सुरुवात केली, ती स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्या देशांत आली. १९४५ सालीं स्थापन झालेली 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही कंपनी १९४८ सालीं 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाली. तिनें १९४७ पासून या जीपा सुटे भाग आणून मुंबईंत जुळविण्यास आरंभ केला. त्या जीपचा बंपर म्हणजे पोलादाची एक सरळ, आडवी पट्टी. चॅसीच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या, दोन दांड्यांना ती बोल्टांनीं आवळलेली असे. वाकली तर लोहाराकडून ठोकून सरळ करून घ्यावी, आणि प्रसंग पडल्यास तिनेंच दुसरी गाडी ढकलावी, असा तिचा रोकडा व्यवहार होता. पोलीस, वनखातें, शेतकरी, पुढारी अशा सर्वांनीं कित्येक दशकें ही जीप वापरली. आणि 'जीप म्हणजे लोखंड, व लोखंड म्हणजे भरंवसा' हें समीकरण लोकांच्या मनांत पक्कें झालें.

आज नाशिकच्या कारखान्यांत तयार होणारी थार ही त्याच जीपची वंशज आहे. तिची दुसरी पिढी २ ऑक्टोबर २०२० रोजीं बाजारांत आली. आजीच्या चेहऱ्याची ठेवण नातींत उतरावी, तशी जुन्या जीपची ठेवण तिच्यांत उतरली आहे; पण आंतील रचना मात्र पार बदललेली आहे. जुन्या जीपमध्यें हवेची उशी, म्हणजे एअरबॅग, नव्हती. धडक झाली तर माणसाचें काय होईल याचा हिशेब त्या गाडीच्या रचनेंत फारसा केलेलाच नव्हता. नव्या गाडीची सर्व पुढील बाजू याच एका हिशेबावर उभी आहे. म्हणून आजीचा दागिना नातीच्या गळ्यांत घालण्यापूर्वीं तो तिला मानवेल कीं नाहीं, हें पाहावें लागतें.

कारखान्याचा बंपर म्हणून आपल्याला जें प्लॅस्टिकचें आवरण बाहेरून दिसतें, ती वस्तुतः बंपराची नुसती कातडी आहे. तें आवरण पाहूनच "हा कसला बंपर, बोटानें दाबला तरी दबतो," असें आपण म्हणतों. या कातडीच्या आंत बहुतेक गाड्यांत फेसासारख्या हलक्या, दबणाऱ्या पदार्थाचा एक थर असतो. त्याच्यामागें मजबूत पोलादाची एक आडवी तुळई असते. आणि ती तुळई व चॅसीचे दोन दांडे यांच्यामध्यें पातळ पोलादाच्या दोन डब्या असतात. या डब्या मुद्दाम अशा केलेल्या असतात, कीं जोराचा धक्का बसतांच त्या कागदी पंख्याच्या घड्यांसारख्या मिटत जाव्यात. म्हणजे कातडी लहानसहान घासाघीस सोसते, फेस हळू धक्का पितो, तुळई एका कोपऱ्यावर आलेला मार दोन्ही दांड्यांत वांटून देते, आणि डब्या मोठा धक्का आल्यावर स्वतः चिरडून घेतात. ही चारपदरी व्यवस्था आहे. आणि तिच्यांतील प्रत्येक पदर मोडण्यासाठींच बसविलेला आहे.

मोडण्यांत संरक्षण तें कसलें, अशी शंका येथें कोणी घेईल. घराच्या छपरावर कौलें चढवितांना खालचा गडी कौल वर फेकतो आणि वरचा झेलतो, हें आपण पाहिलें असेल. झेलणारा हात ताठ ठेवीत नाहीं. कौल हाताला लागतांच तो हात मागें घेतो. हात मागें जाण्याला जेवढें अंतर मिळतें, तेवढा कौलाचा मार हलका होतो. ताठ हातानें झेललें तर कौल फुटेल, किंवा हाताचें हाड तरी दुखावेल. गाडीच्या पुढील भागांत मिटणाऱ्या डब्या म्हणजे हा मागें जाणारा हात होय.

आंकड्यांनीं ही गोष्ट अधिक स्पष्ट होईल. ताशीं ५० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी सेकंदाला सुमारें १४ मीटर पुढें जात असते. ती भिंतीवर आदळली आणि तिचा पुढील भाग ६० सेंटिमीटर दबून ती थांबली, असें समजूं. हिशेबाच्या सोयीसाठीं वेग एकसारखा कमी होत गेला असेंहि धरूं. तर पट्टा बांधून आंत बसलेल्या माणसावर त्याच्या वजनाच्या सुमारें १६ पट जोर येतो. माणूस ६० किलोचा असेल, तर हा जोर जवळजवळ एका टनाचा झाला. आतां गाडीचा पुढील भाग अधिक ताठ असल्यामुळें ती केवळ ३० सेंटिमीटर दबून थांबली, तर तोच जोर ३३ पट, म्हणजे सुमारें दोन टनांचा होईल. गाडी तीच, वेग तोच, माणूसहि तोच. फरक पडला तो फक्त दबण्याच्या अंतराचा. ताठ पोलादी बंपर थेट चॅसीच्या दांड्यांना आवळला, म्हणजे मिटणाऱ्या डब्यांचें काम बाजूला पडतें आणि हें अंतर कमी होतें. अपघातानंतर गाडी कमी चेपलेली दिसते, आणि मालक बंपराला धन्यवाद देतो; पण जो धक्का गाडीनें सोसला नाहीं तो तिच्यांतील माणसांनीं सोसलेला असतो.

याला जोडूनच एअरबॅगचा विचार केला पाहिजे. भारतांत १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकासाठीं ती सक्तीची झाली. धडक झाल्याची वर्दी गाडीच्या पुढील भागांतील व मध्यभागांतील संवेदक देतात, आणि ती उशी फुगवावी कीं नाहीं हा निर्णय सेकंदाच्या कांहीं शतांशांत होतो. कोणता धक्का खरा व कोणता केवळ खड्ड्याचा, हें त्या यंत्रणेस शिकविण्यासाठीं कारखान्यानें त्याच गाडीच्या, त्याच बंपरासह, धडका घेतलेल्या असतात. बंपर बदलला कीं धक्क्याची चालच बदलते. मग उशी उशिरां फुगण्याचा किंवा नको तेव्हां फुगण्याचा संभव निर्माण होतो. दुसऱ्या पिढीच्या थारला २०२० सालीं ग्लोबल एन्-कॅप या संस्थेच्या चांचणींत मोठ्या माणसांच्या व मुलांच्या संरक्षणासाठीं प्रत्येकीं चार तारे मिळाले. ती धडक ताशीं ६४ किलोमीटर वेगानें घेतली होती. हे तारे चांचणींत उभ्या केलेल्या गाडीचे आहेत. तिचें तोंड बदलल्यावर ते तिच्याबरोबर येतील असें कोणासहि सांगतां येणार नाहीं.

यावर पोलादी बंपराच्या कैवाऱ्यांचा एक व्यावहारिक आक्षेप असतो, आणि तो खोटा नाहीं. "रस्त्यावर रोज कोणी भिंतीवर आदळत नाहीं, पण गर्दींत थोडासा धक्का लागला तरी प्लॅस्टिक फुटतें आणि भुर्दंड पडतो," असें ते म्हणतात. बंपराचीं कामें दोन आहेत, हें यावरून लक्षांत घ्यावें. मंद धक्क्यांत गाडीचें नुकसान वांचविणें हें एक, आणि मोठ्या धडकेंत माणसें वांचविणें हें दुसरें. पहिल्या कामासाठीं अमेरिकेनें १९७० नंतरच्या दशकांत ताशीं सुमारें ८ किलोमीटरच्या धक्क्याची कसोटी घातली होती; १९८२ सालीं ती सुमारें ४ किलोमीटरवर आणली. आतां वेग दुप्पट झाला कीं धक्क्याची शक्ति चौपट होते, हा नियम लावून पाहा. ताशीं ५० किलोमीटरच्या धडकेंत ताशीं ४ किलोमीटरच्या धक्क्याच्या १५६ पट शक्ति असते. यास्तव लहान धक्क्यांत ओरखडाहि न उमटणारा बंपर मोठ्या धडकेंत तारणहार ठरेलच, असें मानण्यास आधार नाहीं. फुटलेलें आवरण बदलण्याचा खर्च टोचतो खरा. पण तो पैशांत मोजतां येतो.

आतां गाडीच्या बाहेरील माणसाकडे वळूं. २०२२ सालीं भारतांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मृत्यु पावलीं. त्यांतील जवळजवळ पांचवा हिस्सा पायीं चालणाऱ्यांचा होता. द्रोणागिरीच्या परिसरांत पायीं चालणारा कोण आहे? पहाटे पाळीवर निघालेला गोदामांतला कामगार, करंजाच्या धक्क्यावरून मासळी घेऊन येणारी कोळीण, रेल्वेच्या स्थानकाकडे निघालेला विद्यार्थी. कारखान्याच्या बंपराचें दबणारें आवरण, त्यामागचा फेस आणि लवणारें बॉनेट यांमुळें अशा माणसाच्या पायाला व डोक्याला बसणारा मार कांहीं प्रमाणांत तरी कमी होतो. पोलादी नळ्यांच्या बंपराला लवणें ठाऊक नसतें. शिवाय त्याची वरची नळी मोठ्या माणसाच्या कमरेच्या आणि लहान मुलाच्या छातीच्या किंवा डोक्याच्या उंचीवर येते. युरोपीय संघानें २००५ सालींच गाडीच्या पुढें बसवावयाच्या अशा चौकटींवर निर्बंध घातले, आणि पादचाऱ्याच्या संरक्षणाची कसोटी उतरल्याखेरीज त्या विकूं नयेत असें ठरविलें, तें याच कारणानें.

पोलादी चौकटीची ही कल्पना मुळांत लोकप्रिय झाली ती ऑस्ट्रेलियांत, आणि तेथें तिला सबळ कारण होतें. त्या देशाच्या अंतर्भागांत रात्रीं कांगारू रस्त्यावर उड्या मारीत येतात. एखादा कांगारू रेडिएटरवर आदळला, तर मैलोगणती वस्ती नसलेल्या माळावर माणूस अडकून पडतो. अशा ठिकाणीं लोखंडी चौकट हें जिवाचें साधन ठरतें. तेथील चांगले उत्पादकहि आतां विशिष्ट गाडीच्या एअरबॅगशीं जुळणाऱ्या चौकटी तयार करतात. आपल्या रस्त्यांवर कांगारू नाहींत. माणसें, सायकली आणि दुचाक्या आहेत. ज्या संकटावरचा हा उपाय, तें संकट येथें नाहीं. आणि जें संकट येथें आहे, तें या उपायानें वाढतें.

"पण आमच्या रस्त्यावर ट्रेलर आहेत, त्यांच्यापासून बचाव नको काय?" असें द्रोणागिरीचा रहिवासी विचारील, आणि त्याची भीति रास्त आहे. १९८९ सालीं न्हावाशेव्याचें बंदर सुरू झाल्यापासून या भागांत अवजड वाहनांची ये-जा वाढतच गेली आहे, आणि रस्त्याच्या कडेला उभा राहिलेला ट्रेलर रात्रीं चटकन दिसत नाहीं. परंतु येथें उंचीचा विचार करा. आपल्या गाडीचा बंपर जमिनीपासून सुमारें अर्धा मीटर उंचीवर असतो. ट्रेलरचा पाटा त्याहून पुष्कळ वर, आपल्या बॉनेटच्या किंवा कांचेच्या पातळीस येतो. ट्रेलरच्या मागचा संरक्षक दांडा तुटलेला किंवा वाकलेला असेल, तर आपला बंपर, पोलादी असो वा प्लॅस्टिकचा, त्या पाट्याखालून निघून जाईल आणि धडक कांचेवर बसेल. या संकटावर उपाय चांगले दिवे, स्वच्छ कांच, कमी वेग आणि राखलेलें अंतर हेच आहेत.

आतां दुसरी बाजू मांडणें न्यायाचें आहे. खरोखरच आडवाटेनें जाणाऱ्याला कारखान्याचा बंपर कांहीं वेळां अपुरा पडतो. चढाच्या तोंडाशीं बंपराची खालची कड घासते. पुढच्या चाकाचा टायर जमिनीला टेकतो तेथून बंपराच्या खालच्या कडेपर्यंत एक सुतळी ताणली, तर ती जमिनीशीं जो कोन करते, तेवढ्याच चढावर गाडी न घासतां चढूं शकते. थारचा हा कोन सुमारें ४१ अंश व मारुतीच्या जिम्नीचा ३६ अंश आहे. आंखूड आणि कडा वर उचललेला पोलादी बंपर हा कोन वाढवितो, हें खरें. पण बाजारांत मिळणारे कित्येक बंपर उलट पुढें येतात. समजा, बंपराची कड ५० सेंटिमीटर उंचीवर आहे आणि कोन ४१ अंशांचा आहे. नवा बंपर त्याच उंचीवर राहून केवळ १० सेंटिमीटर पुढें आला, तर कोन साडेछत्तीस अंशांवर उतरतो. म्हणजे आडवाटेसाठीं घेतलेल्या बंपरानेंच गाडीची आडवाटेची योग्यता कमी केली!

दुसरी गरज असते ती चिखलांत रुतलेली गाडी ओढून काढण्याची. त्यासाठीं दोर गुंडाळून ओढणारें जें यंत्र बसवितात, त्याला विंच म्हणतात. त्याची ओढ गाडीच्या सामानासुमानासह वजनाच्या निदान दीडपट असावी, असा सर्वमान्य ठोकताळा आहे. भरलेली गाडी २.२ टनांची असेल, तर विंच ३.३ टन ओढणारें हवें. एवढी ओढ ज्याच्यावर पडावयाची, तो बंपर चॅसीलाच घट्ट जोडलेला आणि जाड पोलादाचा असला पाहिजे. दुकानांत दिसणारे पुष्कळसे बंपर पातळ पत्र्याचे, केवळ दिखाऊ असतात. ते ना धड कारखान्याच्या बंपरासारखे हिशेबानें दबतात, ना विंचाची ओढ सोसतात. दिखाऊ बंपराला बांधलेला दोर तुटला किंवा त्याचा आंकडा उपटला, तर तो गोफणीच्या धोंड्यासारखा सुटतो. गाडी ओढतांना दोर चॅसीवर कारखान्यानें दिलेल्या ओढकडीलाच बांधावा, आणि बघ्यांना दूर उभें करावें.

वजनाचा प्रश्नहि थोडा खोलांत जाऊन पाहण्यासारखा आहे. मारुतीनें द्रोणागिरि एका हातावर उचलला, अशी कथा आपण ऐकत आलों आहों. आपली गाडी मात्र मारुति नव्हे. काढलेल्या बंपराचें वजन वजा जातां नवा बंपर आणि विंच मिळून ९० किलो भार वाढला, आणि तो पुढच्या आंसाच्या ८० सेंटिमीटर पुढें लटकला, असें धरा. थारच्या दोन आंसांमधील अंतर २.४५ मीटर आहे. तराजूच्या नियमानें पुढच्या आंसावर ९० नव्हे, तर सुमारें ११९ किलो भार वाढतो, आणि मागचा आंस २९ किलोंनीं हलका होतो. त्यामुळें पुढच्या स्प्रिंगा बसतात, दिव्यांचा झोत खालीं जातो, वळतांना नाक जड वाटतें, आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबतांच मागचीं चाकें अधिक सहज घसरतात. रुंद बंपरानें रेडिएटरच्या तोंडावरची हवा अडविली, तर चढावर यंत्र तापतें तें निराळेंच. हल्लींच्या कांहीं गाड्यांच्या तोंडाशीं रडारहि असतें. त्याच्यापुढें लोखंड आलें कीं तें आंधळें होतें.

समुद्राकांठच्या माणसानें आणखी एका शत्रूचा विचार केला पाहिजे, तो म्हणजे गंज. द्रोणागिरीच्या एका अंगास समुद्र आणि दुसऱ्या अंगास खाडी व मिठागरांची जमीन. येथील हवेंत मीठ भरलेलें आहे. वेल्डिंगचे सांधे, नळ्यांचीं पोकळ तोंडें आणि रंग खरवडलेल्या कडा येथून गंज आंत शिरतो, आणि वरचा काळा रंग शाबूत दिसत असतां आंतलें पोलाद खाऊन टाकतो. त्याहून वाईट म्हणजे, बंपर बसविण्यासाठीं चॅसीला नवीं भोकें पाडलीं, तर ज्या सांगाड्यावर सारी गाडी उभी आहे त्याचाच संरक्षक लेप फोडला जातो. कारखान्याच्या बंपरामागील तुळईलाहि गंज चढतो, हें खरें. म्हणून बंपर कोणताहि असो, पावसाळा संपल्यावर गाडी एकदां गोड्या पाण्यानें खालून धुवून, बोल्ट व सांधे तपासून घ्यावेत.

येथवर गुणदोष पाहिले. आतां कायदा काय म्हणतो तें ऐका. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम असें सांगतें, कीं नोंदणीपत्रांतील तपशील आणि उत्पादकानें मूळ दिलेला तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकानें गाडींत करूं नये. डिसेंबर २०१७ मध्यें केंद्रीय रस्तेवाहतूक मंत्रालयानें राज्यांना पत्र पाठवून, गाड्यांच्या पुढें अनधिकृतपणें बसविलेल्या अशा लोखंडी चौकटी या कलमाचा भंग करतात, तरी त्यांवर कडक कारवाई करावी, असें कळविलें. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ५२ व्या कलमाचा अर्थ लावतांना उत्पादकाच्या मूळ तपशिलाशीं विसंगत असा बदल करतां येणार नाहीं, असा निर्णय दिला. त्याच वर्षीं दुरुस्त झालेल्या कायद्यांत नियमाविरुद्ध बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलास ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. शिवाय विमा उतरणाऱ्या कंपनीला न कळवितां असा बदल केला, तर भरपाई मागतेवेळीं वाद उपस्थित होऊं शकतो. विक्रेता "सगळेच बसवतात" असें म्हणेल. पण दंड विक्रेत्याच्या नांवें निघत नाहीं.

सारांश, निवड करावयाची ती अशा क्रमानें करावी. प्रथम गाडी वर्षांतील किती दिवस आडरानीं जाते आणि किती दिवस माणसांच्या रस्त्यावर असते, हें प्रामाणिकपणें मोजावें. वर्षाचे दहा-पंधरा दिवस रानांत आणि बाकीचे साडेतीनशें दिवस उरण-पनवेलच्या रस्त्यावर असा हिशेब निघत असेल, तर कारखान्याचाच बंपर ठेवावा. आडवाटेची गरज अन्य साधनांनीं भागवावी. यंत्राच्या पोटाखालीं संरक्षक पत्रा, कारखान्यानें दिलेल्या ओढकड्या, जाड पट्ट्याचा दोर, फावडें, टायरखालीं घालावयाच्या फळ्या, आणि सर्वांत मोठें साधन म्हणजे बरोबर दुसरी गाडी. एकट्या गाडीनें चिखलांत शिरणें हें विंच असूनहि शहाणपणाचें नव्हे.

ज्यांचें काम खरोखर रानांतलेंच आहे, आणि विंचावांचून ज्यांचें चालणार नाहीं, त्यांनीं फॅब्रिकेशनच्या दुकानांत अंदाजपंचें जोडून घेतलेला बंपर टाळावा. गाडीच्या उत्पादकाकडे त्याच मॉडेलसाठीं मान्य केलेला कोणता बंपर आहे, तो एअरबॅगशीं जुळतो काय, आणि त्यानें नोंदणीच्या तपशिलांत फरक पडतो काय, हें लेखी विचारावें. तें उत्तर घेऊन पनवेलच्या परिवहन कार्यालयांत आणि विमा कंपनीकडे खात्री करून घ्यावी. लेखी उत्तर मिळत नसेल, तर तेंच उत्तर समजावें. बसवितांना नवें भोक पाडूं देऊं नये, दिवे व क्रमांकाची पाटी झांकूं देऊं नये, आणि भार वाढल्यावर दिव्यांचा झोत पुन्हां लावून घ्यावा.

शेवटीं, ज्यांनीं हा बदल आधींच केला आहे त्यांच्यासाठीं एक गोष्ट. पुष्कळांनीं कारखान्याचा जुना बंपर टाकून दिलेला नसतो. तो घराच्या माळ्यावर किंवा गॅरेजच्या कोपऱ्यांत धूळ खात पडलेला असतो. येत्या सुटीच्या दिवशीं तो खालीं काढावा. तुळई वांकलेली नाहीं ना, डब्या व फेस शाबूत आहेत ना, संवेदकांच्या तारा तुटलेल्या नाहींत ना, हें अधिकृत दुकानांत तपासून घ्यावें, आणि तो त्याच्या जागीं परत बसवावा. दोन-तीन तासांचें काम आहे. गाडी पूर्वींइतकी रागीट दिसणार नाहीं. पण उद्यां सकाळीं तिच्यासमोरून रस्ता ओलांडणाऱ्या शाळकरी मुलाला आणि तिच्या आंत मागच्या बाकावर बसलेल्या आपल्या स्वतःच्या मुलाला ती अधिक मायेनें वागवील.